पहिल्या ओळीतला पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेची नाही, पत्रिकेची नाही, तळहातावरची तर मुळीच नाही. मी संगणकाच्या एका प्रोग्रामची अगदी पहिली ओळ आहे. आधी जाळीसारखे एक चिन्ह, त्याला खेटून उद्गारचिन्ह, आणि पुढे तिरक्या रेघांनी तोडलेला एक पत्ता, एवढाच माझा संसार. पुष्कळ जण मला नक्षी समजतात आणि डोळे थेट दुसऱ्या ओळीवर नेतात. नेवोत बापडे. मी मात्र आज माझी कहाणी सांगणार, आणि कोणाला आवडो न आवडो, शेवटपर्यंत सांगणार.

आधी माझे काम समजून घ्या. माणसे ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात ती भाषा यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तोही एक प्रोग्रामच. यंत्राच्या पोटात कुठल्याशा कप्प्यात राहतो. कोणी आमचे नाव घेऊन हाक मारली की यंत्राचा कारभारी धावत येतो, माझी पहिली दोन चिन्हे पाहतो आणि मला विचारतो, ह्यांचा दुभाष्या राहतो कुठे? मी पत्ता सांगते. कारभारी त्या पत्त्यावर जाऊन दुभाष्याला गाठतो आणि सगळा मजकूर त्याच्या हवाली करतो. आता गंमत पाहा. दुभाष्या वाचायला बसला की सगळ्यांत आधी मलाच ओलांडतो. त्याच्या भाषेत जाळीच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप, सोडून द्यायची. ज्याला मी घरातून बोलावून आणले तोच माझ्याकडे ढुंकून पाहत नाही! पूर्वी मला ह्याचे फार वाईट वाटायचे. आता मी म्हणते, तू नको बघूस बाबा, पण मी नसते तर तू अजून घरीच बसला असतास.

मला लिहिले आबांनी. आबा एका कारखान्यात टर्नर होते. लोखंडाची कांब लेथवर चढवायची आणि हव्या त्या मापाचा बोल्ट कातून काढायचा, ह्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या लेकीला जन्मापासून दिसत नव्हते. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या परीक्षेला बसली. तेव्हा तिच्या शाळेत प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांत, मिळत नसे. शेजारी एक वाचक बसे. तो प्रश्न वाचून दाखवी आणि ती सांगेल ते उत्तर लिहून घेई. त्या दिवशीच्या वाचकाला कुठेतरी जायची घाई होती. त्याने चौथा प्रश्न वाचला, मग सहावा वाचला आणि उठून गेला. तपासलेला पेपर घरी आला तेव्हा त्यावर लाल शेरा होता की पाचवा प्रश्न विद्यार्थिनीने सोडून दिला आहे.

आबा रागावले. लेक म्हणाली, "आबा, पाचवा प्रश्न होता, हे मला कसं कळणार?"

आबा हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतले नव्हते. कारखान्याच्या कचेरीतून टाकून दिलेला एक संगणक त्यांनी घरी आणला, धार लावायच्या चाकाशेजारी मांडला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रोग्राम लिहायला शिकले. साधा मजकूर घ्यायचा, त्याचे ठिपके करायचे, पानात किती ओळी बसतात ते मोजायचे आणि ठिपके उठवणाऱ्या छपाईयंत्राकडे धाडायचे. ऐकायला सोपे वाटते ना? दोन वर्षे लागली. शेजारचे म्हणायचे, टर्नरचे डोके फिरले. आबा म्हणायचे, फिरल्याशिवाय काही कातलं जात नाही.

सगळा प्रोग्राम तयार झाला, चालूही लागला, तरी मी जन्माला आले नव्हते. तोवर आबा दुभाष्याला दर वेळी हाताने बोलावत. आधी त्याचे नाव टाइप करायचे, मग फाइलचे. पण लेकीला एका शब्दात काम करता यावे म्हणून त्यांनी अगदी शेवटी मला लिहिले. मी सगळ्यांत उशिरा जन्मले आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहिले, हा माझा तोरा तुम्हाला सहन करावाच लागेल. मला लिहून झाल्यावर आबांनी एकेक चिन्ह बोट ठेवून तपासले. "पहिला आटा बिघडला की बोल्ट धरत नाही," ते लेकीला म्हणाले. आटे म्हणजे बोल्टवरच्या त्या फिरत्या खाचा. पहिलाच दबलेला असला तर पुढचे कितीही चांगले असोत, बोल्ट आत शिरतच नाही.

मग सुरू झाली कामाची वर्षे. शाळेने जिन्याखालच्या खोलीत छपाईयंत्र बसवले. ते चालू झाले की असे खडखडे की वरच्या वर्गात शिकवणे थांबे, म्हणून त्याच्याखाली दोन जुन्या घोंगड्या घातल्या होत्या. आमच्यातून पाठ्यपुस्तके निघाली, गोष्टी निघाल्या, पाढे निघाले, एकदा तर सहलीच्या बसमध्ये कोणी कुठे बसायचे त्याची यादीही निघाली. लेक मोठी झाली, शिकली आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून परत आली. मुले तिला बाई म्हणू लागली, म्हणून मीही बाईच म्हणते. आबांचे कौतुक झाले, प्रोग्रामचे झाले, छपाईयंत्र देणाऱ्याचे तर दर वर्षी होई. माझे कौतुक कोणी केले? कोणी नाही. रोज सकाळी पत्ता सांगणारीला कोण विचारतो! मीही कोणाच्या कौतुकासाठी अडून बसले नव्हते.

आता इथून माझ्या अपमानाची गोष्ट सुरू होते.

आमच्या शाळेपासून फार लांब, दुसऱ्या एका शहरात, एक स्त्री राहत असे. ती मोफत मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेजेस बांधायची. म्हणजे कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तो सगळीकडे नीट बसेल असे त्याचे गाठोडे करायचे आणि सामायिक कोठारात ठेवायचे. मग जगात कोणीही एका आज्ञेत ते घरी आणावे. हे काम ती हौसेने, फुकट, जेवणाच्या टेबलावर बसून करी. घरात तिच्या दोन लेकी तिला चिडवायला पुडीवाली म्हणत. तिलाही ते इतके आवडले की संगणकावर आपल्या खात्याचे नाव तिने तेच ठेवले. मग तिच्या खासगी कप्प्याच्या पत्त्यातही तेच नाव आले. तिने आबांचा प्रोग्राम कुठेसा पाहिला, आबांना रीतसर विचारले आणि आम्हाला आपल्या गाठोड्यांत घेतले. आबा त्या दिवशी दोन वेळा जेवणाला उशिरा आले, फोनवर ज्याला त्याला हेच सांगत होते.

गाठोडी बांधणाऱ्यांची एक रीत आहे. आपल्या रोजच्या जागेत गाठोडे बांधायचे नाही. यंत्रातच एक रिकामी, स्वच्छ खोली करायची, तिथे आपले स्वतःचे काही म्हणजे काही न्यायचे नाही, आणि तिथे बसून बांधायचे. कारण आपल्या घरात जे असते ते दुसऱ्याच्या घरात असेलच असे नाही. पुडीवालीला ही रीत ठाऊक होती. नव्यांना ती स्वतः शिकवायची. पण सिस्टिमची नवी आवृत्ती निघायची होती, कोठाराचे दार त्या संध्याकाळी बंद होणार होते आणि तिची बरीच गाठोडी बाकी होती. आम्हाला तपासण्यासाठी तिने आपल्या खासगी कप्प्यात एक वेगळा दुभाष्या आणून ठेवला होता. घाईघाईत तिने तिथूनच आम्हाला बांधले. बांधणी करणाऱ्या हत्याराला काय, ज्या दुभाष्याने काम करवून घेतले त्याचाच पत्ता पहिल्या ओळीत लिहायचा, एवढेच त्याला कळते. त्याने आबांनी लिहिलेला माझा पत्ता पुसला आणि पुडीवालीच्या घरातल्या कप्प्याचा पत्ता माझ्या माथी मारला.

मी ओरडले नसेन का? पण ओळीचा आवाज कोणाला ऐकू जातो! पुडीवालीने आम्हाला एकदा चालवून पाहिले. तिच्या घरात तो दुभाष्या होताच, त्यामुळे सगळे झकास चालले. तिने समाधानाने गाठोडे कोठारात ढकलले आणि कणीक मळायला उठली.

सुट्टीत शाळेच्या सगळ्या संगणकांवर नवी आवृत्ती चढली. ते काम पाहणाऱ्या शिक्षकांना मुले संगणक सर म्हणत. सर वाईट नव्हते हो. फक्त आपल्याला न दिसलेली गोष्ट नसतेच, अशी त्यांची पक्की समजूत होती. आबांची जुनी प्रत त्यांनी पुसून टाकली आणि आम्हाला कोठारातून आणून बसवले. पुढच्या आठवड्यात वार्षिक परीक्षा होती. सोमवारी सकाळी बाई जिन्याखालच्या खोलीत आल्या, पहिली प्रश्नपत्रिका उघडली आणि नेहमीसारखी आम्हाला नावाने हाक मारली. बाईंच्या संगणकात स्क्रीन रीडर आहे, पडद्यावर जे येईल ते तो बोलून दाखवतो. तो म्हणाला, अशी फाइल नाही.

बाईंनी पुन्हा हाक मारली. अशी फाइल नाही. त्यांनी कप्प्यातल्या फाइलींची यादी वाचून घेतली. आमचे नाव यादीत स्वच्छ होते. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. आहे म्हणतो आणि नाही म्हणतो! आता खरी गोष्ट अशी होती की कारभारी माझ्याकडे आला, मी नाइलाजाने परका पत्ता सांगितला, तो त्या पत्त्यावर गेला, तर शाळेच्या यंत्रात असे घरच नाही. न सापडलेली फाइल म्हणजे तो दुभाष्या होता, आम्ही नव्हे. पण कारभारी परत येऊन एवढेच सांगतो की अशी फाइल नाही. कोणती नाही, ते सांगायचे कष्ट तो घेत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

बाईंनी सरांना बोलावले. सर म्हणाले की नाव चुकीचे टाइप झाले असेल. बाई म्हणाल्या की वीस वर्षे हेच नाव टाइप करते आहे. सर हसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की तुम्हाला पडदा दिसत नाही ना, एखादे अक्षर इकडचे तिकडे होणारच. मग त्यांनी स्वतः टाइप केले. अशी फाइल नाही. तेव्हा सर म्हणाले की मग गाठोडे अर्धवट उतरले असेल. पुन्हा उतरवले, पुन्हा तेच. त्यांनी फाइल उघडूनही पाहिली, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा त्यांची नजर माझ्यावरून घसरून थेट खाली गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी सरांनी निकाल दिला की प्रोग्राम फार जुना आहे, एका टर्नरने लिहिलेला, त्याचे दिवस भरले.

हे शाळेच्या मुख्याध्यापिकांपर्यंत गेले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांच्यापुढे परीक्षा होती आणि वेळ थोडा होता. त्यांनी ठरवले की गुरुवारी दुपारी बारापर्यंत प्रश्नपत्रिका छापून झाल्या तर ठीक, नाहीतर बाहेरून वाचक बोलवायचे, ते मुलांना प्रश्न वाचून दाखवतील. एक वर्ष तसे केले तर काय बिघडते, असे त्या म्हणाल्या. बाईंना पाचवा प्रश्न आठवला. पण तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कारण बोलायला हातात पुरावा नव्हता. होता तो फक्त त्यांचा शब्द, आणि तो शब्द सकाळपासून कोणी खरा धरत नव्हते.

सोमवारीच त्यांनी गाठोड्यावर दिलेल्या ईमेलवर पुडीवालीला लिहिले. मंगळवारी सकाळी उत्तर आले, अगदी गोड शब्दांत. माझ्याकडे उत्तम चालते आहे, तुम्ही फाइलचे नाव एकदा तपासून पाहाल का? बाईंनी ते स्क्रीन रीडरकडून दोनदा वाचून घेतले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. दिसणारे सगळे एकजात सांगत होते की न दिसणारीचेच चुकले.

त्या दिवशी घरी आबा म्हणाले, "सोड आता. माझंच जुनं झालं असेल. गंजलं की टाकून द्यायचं असतं."

आबांनी असे म्हणावे! ज्यांनी मला बोट ठेवून तपासले, त्यांनी! मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. पण बाई त्यांचीच लेक. त्या म्हणाल्या, "आबा, बोल्ट बसला नाही म्हणून तुम्ही कधी तो न बघता टाकलात का? तुम्ही तर पहिल्या आट्यावरून नख फिरवायचात."

आबा नुसते म्हणाले, "मग तू फिरवलंस का?"

बाईंनी फिरवले नव्हते. त्याही आजवर मला ओलांडूनच जात आल्या होत्या. हे मी सांगणारच, आपल्या माणसाची चूकही चूकच असते. बुधवारी शाळा भरायच्या आधी त्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या, दार लावले आणि आमची फाइल अगदी सुरुवातीपासून, एकेक चिन्ह सुटे करून वाचायला स्क्रीन रीडरला सांगितले. दिसणारा माणूस ओळ एका नजरेत गिळतो. ऐकणाऱ्याला तसे करता येत नाही, त्याच्यापुढे प्रत्येक चिन्ह रांगेत येऊन आपले नाव सांगते. जाळी, म्हणाला तो आवाज. उद्गार. तिरकी रेघ. होम. तिरकी रेघ. पुडीवाली. तिरकी रेघ. तपासणी.

बाईंनी बटण सोडले. पुन्हा पहिल्यापासून ऐकले. वीस वर्षांत माझे नाव कोणी असे सावकाश, एकेक चिन्ह करून घेतले नव्हते. बाई मोठ्याने म्हणाल्या, "पुडीवाली? ही तर आमच्या शाळेत राहत नाही." आणि एकट्याच हसायला लागल्या.

मग त्यांनी आबांची जुनी पद्धत केली. माझ्यावर अवलंबून न राहता दुभाष्याचे नाव स्वतः टाइप केले आणि त्याच्यापुढे आमचे. कोपऱ्यातले छपाईयंत्र एकदा अडखळले आणि खडखडायला लागले. वर प्रार्थना चालू होती, ती थांबली. मोठ्या बाई खाली आल्या, मागोमाग सर आले. यंत्रातून पहिली प्रश्नपत्रिका बाहेर येत होती. बाईंनी सरांना पडद्यावरची पहिली ओळ वाचायला सांगितली. सरांनी वाचली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

बाई म्हणाल्या, "फाइल होती, सर. सोमवारपासून सांगतेय. फाइल होती."

सरांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मोठेपणा म्हणा किंवा दुसरा मार्ग नव्हता म्हणा, पण मागितली. सिस्टिमच्या फाइलींत बदल करायला लागणारी किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याकडेच होता. बाई चिन्हे सांगत गेल्या, सर टाइप करत गेले, आणि माझ्या माथ्यावर पुन्हा आमच्या घरचा पत्ता आला. बुधवारी संध्याकाळपर्यंत एकूण एक प्रश्नपत्रिका छापून झाली. घोंगड्या सरकून यंत्र फूटभर पुढे चालत आले होते.

इथे कोणी म्हणेल, झाले ना आता काम! बाईंना तसे वाटले नाही. तेच गाठोडे आणखी किती शाळांत उतरले असेल, आणि तिथे पहिली ओळ ऐकणारे कोणी असेलच असे थोडेच आहे? गुरुवारी त्यांनी पुडीवालीला दुसरे पत्र लिहिले. त्यात मला जशीच्या तशी, परक्या पत्त्यासकट उतरवले आणि खाली लिहिले, "तुमच्या घरात चालतं, हे खरं. पण मी तुमच्या घरात राहत नाही, आणि माझी मुलंही नाहीत."

पुडीवालीने ते पत्र जेवणाच्या टेबलावर वाचले. तिची धाकटी लेक डोकावून म्हणाली की अगं आई, हा तर आपल्या घरचा पत्ता. पुडीवाली लाजेने पाणी पाणी झाली. सगळ्या जगाला स्वच्छ खोलीचे धडे देणारी ती, आणि तिच्याच गाठोड्यात घरचा केर गेला होता. तिने ताबडतोब उत्तर लिहिले, क्षमा मागितली आणि झटपट उपाय सुचवला की पहिल्या ओळीत ठरावीक पत्ता नकोच, वाटेत जो दुभाष्या आधी भेटेल त्याला घेऊन ये, असे लिहू. पुष्कळ लोक तसे लिहितात, हे खरे आहे. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जबाबदारीवर खुशाल लिहावे. पण बाईंनी तेही मानले नाही. सरांच्या संगणकावर सरांनी स्वतःच्या कामासाठी एक नवाकोरा दुभाष्या आणून ठेवला होता आणि वाटेत आधी तोच भेटला असता. त्याचे भागाकाराचे नियम जरा निराळे, मग आमच्या पानांचे मोजमाप चुकले असते आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापली गेली असती. जो भेटेल तो नको, सिस्टिमचा स्वतःचा, ठरलेल्या जागचाच हवा, असे त्यांनी कळवले. माझ्या मनातले बोलल्या! मी काय रस्त्यात उभी राहून येईल त्याचा हात धरणारी आहे?

पुडीवालीने ऐकले. आम्हाला स्वच्छ खोलीत नेले, नव्याने बांधले, माझ्यात सिस्टिमच्या दुभाष्याचा पक्का पत्ता घातला. मग तिने कोठाराच्या दारावर एक तपासणी बसवली. ज्या गाठोड्यातल्या कुठल्याही पहिल्या ओळीत कोणाच्या खासगी घरचा पत्ता असेल, ते गाठोडे दारातूनच परत. पहिल्याच दिवशी मोठमोठ्या जाणत्यांची गाठोडी परत गेली. घरोघरी मातीच्या चुली! काही जण तिच्यावर चिडले, आमच्याकडे तर चालते म्हणाले. तिने प्रत्येकाला बाईंचे ते वाक्य पाठवले.

पुढच्या सोमवारी परीक्षा सुरू झाली. मोठ्या बाईंनी तरीही दोन वाचक बोलावून ठेवले होते, हाताशी असावेत म्हणून. ते वर्गाबाहेर बाकावर बसले होते. आत ब्रेलच्या कागदांवर बोटे फिरत होती, बाकी आवाज नव्हता. त्यांतल्या एका वाचकाला बसून बसून कंटाळा आला असावा. भला माणूस होता, उगाच दोष देत नाही. तो आत आला, पुढच्या बाकावरच्या सगळ्यांत लहान मुलीजवळ वाकला आणि हळूच म्हणाला की बाळ, मी वाचून दाखवू का, लवकर होईल.

ती मुलगी आठ-नऊ वर्षांची. तिने दोन्ही तळहात प्रश्नपत्रिकेवर पसरले आणि ती झाकून घेतली.

"नको," ती म्हणाली. "मी पाचव्यावर आहे. मी वाचतेय."

वर्गाच्या टोकाला बाई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले आणि तोंड खिडकीकडे वळवले.

तुम्ही विचाराल, तू फाइलीतली ओळ, तुला वर्गातले कसे कळले? बाईंनी त्या दिवशी दुपारी आबांना सगळे फोनवर सांगितले, जिन्याखालच्या खोलीतून, माझ्यासमोर. पलीकडून आबांनी विचारले, पहिला आटा आता नीट आहे ना? बाई म्हणाल्या, नीट आहे.

तर मित्रांनो, आता मी हात जोडून विनवणी करीन असे वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. मी विनवणी करणार नाही, बजावून सांगणार आहे. माझ्यात तुमच्या घरचा पत्ता लिहायचा नाही. आपल्या घरात चालले म्हणजे जगात चालले, असे म्हणायचे नाही. दुसऱ्यासाठी काही बांधत असाल तर आधी रिकाम्या खोलीत बसून बघायचे. आणि कोणी तीन-तीनदा सांगत असेल की फाइल आहे, तर त्या माणसाचे डोळे तपासायच्या आधी माझ्यापाशी या आणि मला एकेक चिन्ह करून वाचा. मी कुठेही गेलेली नाही. सगळ्यांच्या पुढे उभी आहे.